वच्छलाचं गुरुबळ

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. मालक गेले, त्यांनाबी कळलं नाही. आज सांगते — आणि ऐकून "जाऊ द्या हो, जुनी गोष्ट" असं म्हणू नका. मला ते नकोच आहे.

पाडव्याला आमच्यात गुढी उभी राहिली, की कडुनिंब-गुळाची गोळी तोंडात टाकायची आणि पंचांग वाचायचं. नवं वरीस कसं जाणार, पाऊस किती, लग्नं कधी. सासऱ्यांना अक्षर येत नव्हतं, मालकांना सहीपुरतं. वाचायची मीच. शाळा बघितलेली नाही मी, किराणाच्या पुड्यांचे कागद वाचत शिकले. पंचांग हातात घेतलं, की अख्खं घर माझ्या तोंडाकडं बघायचं — सून असून! लई गोड वाटायचं ते. खोटं कशाला बोलू?

खोटं त्या साली बोलले.

धाकटी नणंद वच्छला. तिला भूमचं स्थळ आलं होतं, एसटीत कंडक्टर. तिलाही पसंत — पाव्हणे गेल्यावर दोन भाकरी करपवल्या होत्या तिनं. वैशाखात बार उडवायचा होता. सासरे, आमचे अण्णा, म्हणाले, "सूनबाई, पोरीच्या राशीला गुरुबळ हाय का बघ." गुरूचं बळ नसलं, तर त्या साली मुलीचं लग्न करायचं नाही, हे आमच्या घरी पक्कं. मी पान बघितलं. वच्छलाची रास कुंभ. तिच्यापुढं छापलं होतं — उत्तम.

मी वाचलं, "न्हाई. यंदा वर्ज्य."

का? पाचवा महिना होता मला. विहिरीवरनं पाण्याच्या खेपा वच्छला करायची, भाकरी तीच थापायची, शेणही तीच काढायची. ती गेली, की सगळं माझ्यावर. एवढंच. दुसरं काही मोठं कारण असतं, तर सांगायला बरं पडलं असतं, नाही का?

स्थळ थांबलं नाही. माझं बाळंतपण वच्छलानंच काढलं. पुढच्या साली तिला उमरग्याच्या बिजवराला दिली, दोन लेकरांवर.

पाडवा सोडला, तर त्या घरात सुनेला कुणी विचारत नव्हतं, हे खरं. पण तो राग काढला कुणावर? जी मला विचारायची, तिच्यावर.

यंदा पाडव्याला वच्छला आली होती. नातीचं लग्न काढलंय.

"वैनी, पोरीचं गुरुबळ बघा की."

"अगं, मोबाइलवर दिसतं आता सगळं."

"दिसू द्या. तुमी वाचल्याबिगर माझा जीव थंड होत न्हाय. अण्णांनी तर घाईनं उरकलंच असतं माझं. तुमी व्हता म्हणून वाचले!"

मी वाचलं, होतं तसं. आणि पंचांग मिटून ठेवलं.

पुढच्या खेपेला ती येईल, तेव्हा तोंडावर सांगणार आहे. माफी मात्र मागणार नाही. मागितली तर ती लगेच देईल, मला ठाऊक आहे. माझं तेवढंही काम तिनंच का करायचं?