खुंट्यांमधली काळी जमीन

फेब्रुवारीतला दुसरा रविवार. जागेच्या विक्रीचा बयाणा एक्कावन्न हजार. हजर: मी, माझा मोठा भाऊ, वहिनी, माझी मुलगी आणि जागा घेणारा. त्याची वाडी गावात दोन गोदामे आहेत आणि आमची जागा वाडीच्याच पुढे, अमरावती रोडला लागून: अर्धा एकर मुरूम, आम्हा दोघा भावांच्या नावावर. भावाने फ्लॅट बुक केला होता, त्यामुळे व्यवहार मोडणे शक्य नव्हते.

मुलगी पीएच.डी. करते. कोरड्या जमिनीतले सूक्ष्मजीव हा तिचा विषय. त्या जागेत चार लोखंडी खुंट्या ठोकून तिने दोरी बांधली होती. आतला तुकडा आमच्या स्वयंपाकघराएवढा. तिथे मुरमावर काळपट, खरखरीत पापुद्रा होता. मला तो लहानपणापासून दिसत आलेला आणि घाणच वाटलेला. एका मे महिन्यात भर दुपारी तिने मला तिथे उकिडवे बसवले आणि बाटलीतले थोडे पाणी शिंपडले. जमीन इतकी तापली होती की हात टेकवत नव्हता. थोड्याच वेळात काळ्यावर हिरवट छटा आली.

"पाणी नाही मिळालं तर हे मरत नाही, बाबा. थांबून राहतं," ती म्हणाली.

या जिवांच्या बारीक धाग्यांनी माती धरून ठेवलेली असते, हवेतला नायट्रोजनही ते मातीत आणतात, असे तिने सांगितले. पाय पडला तर पापुद्रा मोडतो आणि पुन्हा धरायला वर्षे लागतात. तिचे दोन पावसाळ्यांचे नमुने झाले होते, तिसरा राहिला होता. तो मिळाला नाही तर आधीचे दोन वाया. घेणारा बांधकाम दिवाळीनंतर काढणार होता, म्हणून मी निर्धास्त होतो.

बयाण्याच्या सकाळी आम्ही जागेवर पोहोचलो तेव्हा वहिनी आधीच आलेल्या होत्या. नारळ फोडायचा होता, पाहुणा यायचा होता. खुंट्यांच्या आतली जागा त्यांनी खराट्याने खरडून काढली होती, शेणाचा सडा घातला होता आणि वर रांगोळीचे कमळ. खुंट्या मोजणीच्या असतील, त्या हलवायच्या नसतात, असे समजून त्यांनी एकही खुंटी हलवली नव्हती. दोरी तेवढी सोडून नीट गुंडाळून ठेवली होती.

मुलगी जागच्या जागी उभी राहिली.

"काहून वं, तोंड काहून उतरलं?" वहिनींनी विचारले. "ट्रकचं ऑइल सांडल्यावानी दिसून राहिलं होतं. किती घासलं म्हणून सांगू, कंबर गेली माझी."

"मोठी आई, ते जिवंत होतं."

"जिवंत?" घेणारा दोन पावले मागे सरला. "साप गिप होता का जी?"

भाऊ हसला. तो पापुद्रा काय होता ते मी सांगितले. घेणारा माणूस वाईट नव्हता. "मातीच पाहिजे ना ताईले? एक हायवा ट्रक भरून मुरूम टाकून देतो. फुकटात."

वहिनींचा चेहरा मात्र पडला. "मले कोणी सांगितलं होतं का? तुमच्या घरात सगळे शिकलेले. मले कोण काय सांगते?"

खरेच कोणी सांगितले नव्हते. शेणातले जिवाणू आता त्या मातीत मिसळले होते, तिथला नमुना घेण्यात अर्थ राहिला नव्हता. मुलगी कुंपणाकडे गेली आणि बाभळीखाली गुडघे टेकून बसली. तिथे तसाच काळा पट्टा होता, हातभर रुंद. पहिल्या वर्षी तुलनेसाठी तिने तिथलेही नमुने घेतले होते. बाभळीची सावली पडते, आकडे वेगळे येतील, गाईड मान्य करतील की नाही माहीत नाही, म्हणाली. पण दुसरे काही उरले नव्हते.

नेमक्या त्याच कोपऱ्यातून घेणाऱ्याला फाटक काढायचे होते. बांधकाम दिवाळीनंतर, पण ट्रक जूनपासून उभे करायचे. मी म्हटले, पावसाळाभर कोपरा सोडा.

"मग माह्या गाड्या कुठं उभ्या करू जी? बाहेर जागा भाड्यानं घ्या लागन. महिन्याचे सहा हजार जातेत."

भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे पाय गा, माह्या वाट्यातून यात एक रुपया जाणार नाही. तुह्या पोरीचं काम आहे, तू पाय." बोलणे बरोबर होते, तरी लागले. मुलगी म्हणाली, राहू द्या बाबा. मी तिच्याकडे न बघता घेणाऱ्याला हो म्हटले.

परतताना वहिनी आमच्या गाडीत बसल्या नाहीत. त्यानंतर त्या माझ्या मुलीशी बोललेल्या नाहीत. मुलीने दोनदा फोन केला, दोन्ही वेळा भावाने उचलला.

रजिस्ट्री मार्चअखेर झाली. जून ते सप्टेंबर, महिना सहा हजारांप्रमाणे, चोवीस हजार रुपये माझ्या वाट्यातून घेणाऱ्याला दिले.