टेकूची जागा

माझी मुलगी संजना लाटंबार्स्याला राहते. जावई बोटीवर असतो, म्हणून काजूची बाग तीच सांभाळते. ती बाग तिचे थोरले दीर मंगेश यांना हवी होती. यंदा मी तिच्याकडे राहायला आले होते, तेव्हा काजूचे बोंडू पिकताच त्यांनी जेसीबीने भला मोठा धोंडा तिच्या वाटेवर आणून टाकला.

संजनाने माडाचा लांब सोट आणला आणि धोंड्याजवळ टेकूचा दगड ठेवला.

“आई, टेकूपासून धोंड्याकडे एक हात, माझ्याकडे आठ. म्हणजे माझा जोर आठपट.”

सोट निसटेल या भीतीने मी बाजूला सरकले. पण तिने टोकावर भार दिला, धोंडा कलला आणि उतारावरून थेट मंगेशांच्या फाटकात जाऊन अडकला. तो तिला तिथेच हवा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा साखरपुडा होता. गाडी आत अडकली आणि जेसीबीवाला पेडण्याला गेलेला. शेवटी ते आमच्या दारात आले. संजना सोट घेऊन गेली, मात्र टेकू तिने मुद्दाम सोटाच्या मधोमध ठेवला. इस्त्रीच्या शर्टात मंगेश सोटाचं टोक दाबून दाबून घामाघूम झाले. धोंडा हलेना. वाड्यावरची सगळी माणसं जमून बघत होती.

“भावोजी, जेवला नाहीत काय?”

मी तिला हळूच म्हटलं, “बाय, पुरे. टेकू सरकव.”

“वाट माझी आहे असं म्हणू देत आधी.”

मंगेश खाली बघून तसं पुटपुटले.

“मागच्यांना ऐकू आलं नाही,” संजना म्हणाली.