दुपट्ट्याखालचा पासवर्ड

कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी चपला बाहेर काढायच्या, हात धुवायचे आणि शिंक आली तर खोलीबाहेर पळायचं, हे सौसरच्या आमच्या क्लासचे पहिले तीन नियम होते. जामसावळीला मारुतीसमोरही मी एवढा सोवळ्यात कधी गेलो नव्हतो. बसस्टँडमागच्या त्या खोलीत दोन कॉम्प्युटर, एक एसी आणि आम्ही सात विद्यार्थी. सहा जण कॉलेजातले. सातवा मी, बत्तीस वर्षांचा, खांद्यावर दुपट्टा टाकून पांढुर्ण्याहून बसने येणारा. पहिल्या दिवशी एका पोराने मला एसी दुरुस्त करायला आलेला माणूस समजून खिडकी दाखवली. मीही गंभीरपणे दोन मिनिटं एसी पाहून घेतला.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. त्याआधी मी पांढुर्ण्याच्या बाजारात मामांच्या हाताखाली संत्र्याची दलाली करायचो. आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नसत. चारचौघांत उभं राहून दलाल गिऱ्हाइकाचा हात आपल्या दुपट्ट्याखाली घेई आणि बोटं दाबून आकडा सांगे. गिऱ्हाईक बोटं दाबूनच उत्तर देई. वर दोघांची तोंडं पावसापाण्याच्या गप्पा मारत असायची. अख्खा पंजा आवळला की सौदा पक्का, हात झटकून बाहेर काढला की मोडला. शेजारी उभ्या माणसाला काही म्हणजे काही कळत नसे.

हे मला मामांनी शिकवलं. वडील लवकर गेले, तेव्हापासून मी मामांकडेच वाढलो. त्यांना मुलगा नव्हता, त्यामुळे बाजारातली गादी पुढे माझीच, हे सगळ्या पांढुर्ण्याने गृहीत धरलं होतं. मी पहिल्यांदा बाजारात बसलो त्या दिवशी त्यांनी आपला जुना दुपट्टा माझ्या खांद्यावर टाकला होता. धुऊन धुऊन मऊ झालेला, तरी त्याला संत्र्याचा वास येतच राहायचा.

आणि मग मला ती अवदसा आठवली. सौसरच्या एका कारखान्याच्या कचेरीत कॉम्प्युटर आला. तो चालवायला आणि त्यातली माहिती सांभाळायला माणूस हवा होता. अट एकच, क्लासचं सर्टिफिकेट पाहिजे. कचेरीतला एक ओळखीचा माणूस गमतीने म्हणाला, "या मशिनीत आमचे सारे गुपितं राहतीन, तोंड बंद ठेवणारा माणूस पायजे." माझ्या डोक्यात दिवा पेटला. तोंड बंद ठेवण्याचा एवढा अनुभव जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला होता?

मामांना सांगितलं तेव्हा ते संत्र्याच्या ढिगाशी उभे होते.

"काय करून राहिला बे तू?" ते म्हणाले. "बसल्या गादीवरून उठून त्या डब्ब्यासमोर जाऊन बसतं?"

"मामा, एकडाव परीक्षा देऊ द्या. नापास झालो तं गादीवर येऊन बसतो. मंग जल्मभर उठायचं नाव नाई घेणार."

मामांनी दुपट्ट्याखाली हात पुढे केला. मी हरखून हात दिला. त्यांनी तो क्षणभर धरला आणि पंजा न आवळता झटकून काढून घेतला. परीक्षेला आडकाठी केली नाही, पण सौदा मात्र मोडला होता. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी रागारागाने दोन दिवसांचं जेवलो.

क्लासमध्ये मात्र मी हवेत होतो. टायपिंग मी पांढुर्ण्यातच शिकलो होतो, त्यामुळे पोरं एकेक अक्षर शोधत बसायची तेव्हा माझी बोटं खडखड चालायची. पण खरी मजा माहितीच्या सुरक्षेच्या धड्यात यायची. आमचे सर नागपूरहून शिकून आलेले, चोवीस वर्षांचे. मी त्यांना सर म्हणायचो आणि ते मला काका. ते पासवर्डबद्दल असं खालच्या आवाजात बोलायचे की अंगावर काटा यायचा. घरच्या माणसाचं नाव ठेवू नका. देवाचं ठेवू नका. कुठे लिहून ठेवू नका. कोणाला सांगू नका, बायकोलाही नाही. आणि टाइप करताना कोणाची नजर बोटांवर पडू देऊ नका. पोरं वहीत उतरवून घेत होती. मी मांडीवर थापा मारत होतो. हा तर आमचाच धंदा, फक्त वीज लावून! फ्लॉपीची एक प्रत वेगळ्या कपाटात ठेवा, असं सर म्हणाले तेव्हा तर मी "वा!" असं जोरात म्हणालो आणि मला शांत बसायला सांगण्यात आलं.

परतीच्या बसमध्ये मी धडे मोठ्याने पाठ करायचो. शनिवारी जामसावळीचे भाविक दाटीने बसलेले असायचे. एकदा शेजारच्या म्हातारीने मला नारळाचा तुकडा दिला आणि म्हणाली, "कोन्या देवाचं स्तोत्र हाय बापा? पयल्यांदाच आयकून राहिली." फ्लॉपीचं आहे म्हणालो. तिने भक्तिभावाने हात जोडले.

परीक्षेच्या दिवशी नागपूरहून परीक्षक साहेब आले. जाड चष्मा, चेहऱ्यावरची माशी हलत नाही. प्रश्न सोपा होता. एक पत्र टाइप करा, फाईलला पासवर्डचं कुलूप लावा, फ्लॉपीवर उतरवा, कॉम्प्युटरवरची मूळ फाईल पुसा, आणि फ्लॉपीवरची माझ्यासमोर उघडून दाखवा. उघडली नाही तर नापास, बाकी कितीही चांगलं असो.

पत्र मी झकास टाइप केलं. पासवर्डची वेळ आली. पाठीमागे तीन पोरं आपापल्या पाळीची वाट पाहत उभी होती आणि मान लांब करून बघत होती. माझा हात आपोआप खांद्यावर गेला. मी दुपट्टा काढला, कीबोर्डवर अंथरला, त्याच्याखाली दोन्ही हात घातले आणि साहेबांकडे पाहून म्हणालो, "औंदा संत्र्याचा आंबिया बहार बरा दिसून राहिला, नाही का साहेब?" तेवढ्यात पासवर्ड टाकून झाला. खात्रीसाठी मशीनने दुसऱ्यांदा विचारला, तोही टाकला. पोरं फिसकन हसली. सरांनी कपाळाला हात लावला. मला मात्र स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं की फाईल पुसताना मी शीळ घातली.

"आता उघडा," साहेब म्हणाले. "आणि ते कापड बाजूला ठेवा. परीक्षेत झाकाझाकी चालत नाही."

दुपट्टा मांडीवर घेतला, सरळ बसून पासवर्ड टाकला. मशीन म्हणालं, चूक. हसत हसत पुन्हा टाकला, एका बोटाने, एकेक अक्षर पाहून. चूक.

"तीनच संधी असतात," साहेब म्हणाले.

शब्द मला पाठ होता, झोपेतून उठवलं असतं तरी सांगितला असता. मूळ फाईल तर मी शीळ घालत पुसली होती. डोळ्यांसमोर मामांची गादी आली. ढिगाशी उभा राहून पावसापाण्याच्या गप्पा मारणारा मी आलो, चाळिशीचा, पन्नाशीचा, साठीचा. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. एसीतही घाम फुटला आणि तो पुसायला मी दुपट्टा तोंडाला लावला. संत्र्याचा वास आला. मामांचं बोलणं आठवलं. मला शिकवताना ते नेहमी म्हणायचे, खाली हात काय बोलला ते डोळ्याला विचारू नको, हातालाच विचार.

"साहेब," मी म्हणालो, "दुपट्टा टाकू द्या. कुलूप लावलं तसंच उघडतो."

साहेबांना वाटलं, आत चिठ्ठी असणार. त्यांनी दुपट्टा घेतला आणि दोन्ही हातांनी जोरात झटकला. चिठ्ठी कुठली निघायला! संत्र्याची वाळकी पानं, दोन बिया आणि बाजारातली धूळ थेट मशीनवर. सर "अरे देवा!" करून धावले. साहेबांना शिंक आली आणि नियमाप्रमाणे ते खोलीबाहेर पळाले. परत आल्यावर त्यांनी दुपट्टा स्वतः कीबोर्डवर अंथरला.

मी हात आत घातले, छताकडे पाहिलं आणि आंबिया बहाराबद्दल बोलायला लागलो. काय बोललो देव जाणे. बोटं चालली. पडदा लुकलुकला आणि माझं पत्र समोर उघडलं.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून सरांना कडकडून मिठी मारली, वाळक्या पानांचा चुरा त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर सांडला. नंतर सरांनीच उलगडा केला. टाइपरायटरवर मी डावी करंगळी कडेवरून चाचपून ठेवायचो. कॉम्प्युटरच्या कीबोर्डला त्या कडेला बटणं जास्त. बटणं दिसत असली की हात बरोबर जागी बसे, कापडाखाली तो एक घर बाजूला बसला आणि सगळीच अक्षरं सरकली. दोन्ही वेळा सारखीच.

"म्हणजे खरा पासवर्ड काय झाला, हे तुम्हालाही माहीत नाही?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब."

त्यांच्या चेहऱ्यावरची माशी अखेर हलली. "इतकी सुरक्षा मी नागपुरातही पाहिली नाही," म्हणाले आणि कागदावर सही केली.

संध्याकाळच्या बसने पांढुर्ण्याला उतरलो तो पळतच बाजारात गेलो. मामा आवराआवर करत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. ते संत्र्याच्या पेटीवर बसून ऐकत राहिले.

"मंग काय व्हता तो शब्द?" त्यांनी विचारलं.

"मलेच नाई ठाऊक, मामा."

"अन् तरी उघडलं?"

"हातानं उघडलं. तुमच्या दुपट्ट्याखाली."

मामा इतके हसले की पेटी करकरली. मग डोळे पुसत त्यांनी माझ्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला, त्याखाली हात पुढे केला आणि म्हणाले, "औंदा थंडी जास्तच पडून राहिली, नाई?"

थंडीचा पत्ता नव्हता. मी हात दिला. त्यांनी अख्खा पंजा आवळला आणि बराच वेळ सोडला नाही. माझी करंगळी पुढे दोन दिवस दुखत होती.