हळदीचा डाग आणि रायपूरचं ऊन

उन्हात तापलेल्या लिननचा वास आला की चौबे कॉलनीतला तो दिवस आठवतो. रायपूर नुकतंच नव्या छत्तीसगडची राजधानी झालं होतं आणि नागपूरची आत्या ‘राजधानीतलं घर’ बघायला येणार होती. म्हणून आईनं नव्या सोफ्यावरची चादर पहिल्यांदाच काढली, आणि ऑफिसच्या घाईत बाबांनी त्या पांढऱ्या लिननवर वरण सांडलं! आईनं साबण लावला, तर पिवळा डाग लालभडक झाला. “काहून घासून राहिली? हळद उन्हानं उडते!” बाबा ओरडले. ओल्या फडक्यानं साबण पुसून आम्ही सोफा अंगणात ओढला. दुपारपर्यंत डाग पार उडाला, तेव्हा मी नाचलेच. संध्याकाळी पोह्यांची बशी हातात घेऊन आत्या सोफ्यापाशी बिचकली. “बसा ताई,” आई हसली, “सांडलं तर ऊन आहे ना!” माझ्या सोफ्यावर आजही चादर नाही.