माझ्या साडूंचा प्रोसेसर

एकाच वादाच्या दोन्ही बाजू, त्याही एकाच दिवसात आणि सारख्याच त्वेषाने लढवणारा माणूस सबंध मराठवाड्यात एकच निपजला, आणि तो माझा धाकटा साडू आहे. मी हिंगोलीत कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत, तथापि ‘सदर’, ‘उपरोक्त’ आणि ‘सबब’ या तीन शब्दांच्या बळावर लोक मला विद्वान समजतात, आणि या समजास मी आजवर हरकत घेतलेली नाही. साडू मूळचे गोरेगावचे. लोक मोबाइल केवळ बोलण्यासाठी वापरत असत, त्या काळी त्यांनी बसस्थानकाजवळ एक गाळा घेतला, चार कॉम्प्युटर मांडले आणि ते पोरांना तासावर गेम खेळायला देऊ लागले.

त्यातल्या एका कॉम्प्युटरवरचा, पोरांचा सर्वांत लाडका मोटारींच्या शर्यतीचा गेम ऐन वळणावर अडकत असे. दोष कोणाचा? आतला सगळा हिशेब करणाऱ्या प्रोसेसरचा, की पडद्यावर चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा? साडू सकाळी प्रोसेसरला शिव्या देत आणि संध्याकाळी कार्डाला. तापकरी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवून ते कितीतरी वेळ उभे राहत. एका लग्नात त्यांनी शेजारच्या अनोळखी पाहुण्यास विचारले, “वाढपी रिकामे उभे हायेत, पर आचाऱ्याची बुंदीच होऊन न्हाई राहिली. आता पंगत कोनामुळं थांबली? प्रोसेसरमुळं!” वरण आले तोवर त्यांचे मत फिरले होते. “आचारी बराबर हाय हो, वाढप्यालाच पळवत न्हाई. कार्डच खराब!” पाहुण्याने पान उचलले आणि तो दुसऱ्या पंगतीत जाऊन बसला.

अशात उन्हाळ्याच्या सुट्या तोंडावर आल्या आणि पलीकडच्या गल्लीत दुसऱ्याने गेमचेच नवे दुकान थाटले. गाडी अडकत राहिली असती तर पोरे तिकडे गेली असती, गाळा बंद पडला असता आणि साडूंना बिऱ्हाड गुंडाळून गोरेगावला परतावे लागले असते. नांदेडहून दोहोंपैकी एकच वस्तू आणण्याची त्यांची ऐपत होती. आमच्या सासरवाडीचा रिवाज असा की म्हैस असो वा फ्रीज, थोरल्या साडूचा शब्द घेतल्याशिवाय धाकट्याने मोठी वस्तू घ्यायची नाही. सबब सदर प्रकरण माझ्यापुढे आले.

मी चष्मा लावला. वास्तविक तो जवळचे वाचण्याचा आहे. विचार करण्यास त्याची गरज नव्हती. “असं पाहा,” मी म्हणालो, “कचेरीत कागद कुठं अडतो? साहेबाच्या टेबलावर. प्रोसेसर हा साहेब. कार्ड हा निव्वळ नकला उतरवणारा कारकून. कारकुनामुळं सरकार थांबल्याचं माझ्या पाहण्यात नाही. प्रोसेसर घ्या.”

वेळ संध्याकाळची, म्हणजे साडू कार्डाच्या विरोधात होते. “पर साडूभाऊ, चित्र लहान केलं की गाडी पळून राहिली. मंजी चित्र काढनाराच दमला न्हाई का?”

मुद्दा बिनतोड होता. म्हणून मी आवाज चढवला. “निकाल झालेला आहे.”

“व्हय,” साडू म्हणाले, आणि प्रोसेसर आणला.

नारळ फुटला. मी मुख्य पाहुणा म्हणून खुर्चीवर बसलो. गाडी सुटली, त्याच वळणावर आली आणि उभी राहिली. “ओ काका, गाडी हाय का बैलगाडी?” एक पोरगे ओरडले. दुसऱ्याने विचारले, “हे घ्यायला कोनी सांगितलं व्हतं?” मी पंख्याकडे बघू लागलो.

“कोनी न्हाई,” साडू म्हणाले. “माझ्याच डोक्यातलं हाय. आन् प्रोसेसरच बराबर हाय!”

सबंध सुटीभर, सकाळी आणि संध्याकाळीही, ते प्रोसेसरच्याच बाजूने भांडले. मोटारींचे चित्र त्यांनी हातरुमालाएवढे केले आणि शेकडो शिपाई एकदम चालून येणारा लढाईचा गेम बसवला. त्यात चित्र थोडे, हिशेबच फार. तो सुरेख पळाला. निम्मी पोरे टिकली, गाळाही टिकला. दिवाळीत मोटार अचानक सुसाट धावू लागली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा साडू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “बघा, प्रोसेसर आता कुठं रुळला! साडूभाऊंनी पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं.” मीही गंभीरपणे मान डोलावली. मागाहून मेहुणीने मला सांगितले की आदल्याच दिवशी ते नांदेडला जाऊन गुपचूप कार्ड घेऊन आले होते.

पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले आणि तो गाळा गेला. तिथे आता चपला मिळतात. साडू भेटले की मी मुद्दाम विषय काढतो, “काय साडू, प्रोसेसर का कार्ड?” ते हसतात आणि म्हणतात, “तुमी म्हनसाल ते.” इतर सगळ्यांशी ते अजूनही दोन्ही बाजूंनी भांडतात. फक्त माझ्याशी भांडत नाहीत.