काळ्या हातमोज्यांतले हात

सूयिनच्या नवऱ्याला लोक उस्ताद म्हणतात. म्हणोत बापडे. माझ्या तोंडावर कुणी म्हटलं, तर मी त्याला साधा चिमटाही विकत नाही.

माझा गाळा ह्वाचियांगबेइच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. चिमटे, डाख द्यायचं कथील, राळेचा मलम, असलं सगळं विकते. समोरचा गाळा सूयिन आणि तिचा नवरा माय देकुन यांचा. तो कॉम्प्युटरची जुनी ग्राफिक्स कार्डं घ्यायचा-विकायचा आणि ही ती दुरुस्त करायची. कार्ड बिघडलं की पडद्यावर रंगीबेरंगी चौकोन नाचायला लागतात. बाकीचे गाळेवाले म्हणत, गेलं, भंगारात टाका. सूयिन मात्र शांतपणे तपासणी लावायची, मेमरीच्या आठ चिपांपैकी नेमकी कुठली चुकते ते शोधायची आणि तेवढी एक काढून दुसरी बसवायची.

ते काढणं बघत राहावं असं. गरम हवा सोडून ती चिपेला चिमट्याने हळूच ढोसायची. खालचं कथील पुरतं वितळलेलं असलं की चिप जराशी सरकते आणि आपणहून जागेवर परत येते. तशी ती आली की मगच उचलायची. घाई करणाऱ्याच्या चिमट्यात चिपेबरोबर खालचे तांब्याचे ठिपकेही उपटून येतात आणि कार्ड कायमचं मरतं. सूयिनच्या हातून असं झालेलं मी तरी पाहिलं नाही. लग्नाआधी कारखान्यात शिकली होती ती हे.

मग देकुनला व्हिडिओचं वेड लागलं. माणूस गोडबोल्या, बोलायला लागला की गिऱ्हाईक जेवण विसरतं. त्याने तिच्या कामाच्या सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा बसवला. पडद्यावर फक्त कार्ड आणि दोन हात. हात सूयिनचे, आवाज त्याचा. पहिल्याच दिवशी त्याने तिच्यापुढे काळे हातमोजे टाकले.

"हे घाल. अंगातल्या विजेने चिप मरते."

"इतकी वर्षं बरी नाही मेली ती?" मी समोरून विचारलं.

"मावशी, तुम्ही तुमचे चिमटे मोजा!"

मी काय कुक्कुलं बाळ आहे? बाईचे हात दिसू नयेत म्हणून ते हातमोजे. बघता बघता देशभरातून कार्डं यायला लागली, सगळ्यांवर पत्ता एकच, माय उस्ताद. मी सूयिनला म्हटलं, अगं, तुझं काय त्यात? तर हसली.

"जाऊ दे गं मावशी, मला बोलता कुठे येतं? आणि खालच्या मजल्यावर मोठं दुकान घेतोय तो. पाटीवर दोघांची नावं. माझं आधी."

हे ती सगळ्या मजल्याला सांगत सुटली होती. जिन्याखाली ब्रशाने अक्षरं काढणारा म्हातारा बसतो, त्याच्याकडून तिने पाटीसाठी स्वतःचं नाव लिहूनही घेतलं. बाकी काही मागितलं नव्हतं तिने जन्मात, एवढं एक सोडून.

त्याच सुमाराला पेइयाओ आली. कारखान्यात सूयिनच्या शेजारच्या बाकावर बसणारी, जिवाभावाची मैत्रीण. तिची नोकरी गेली होती. सूयिनने तिला घरी ठेवून घेतलं, जेवू घातलं, हात धरून सगळं काम शिकवलं. देकुन म्हणायचा, "शिकव, शिकव. तुझ्या मानेला तेवढाच आराम."

एका दुपारी सूयिन माझ्या गाळ्यावर भात खात बसली होती. दुकानाचं उद्घाटन पुढे गेलंय, वायरमन आला नाही, असं तिला देकुनने सकाळीच सांगितलं होतं. मी फोनवर सहज त्याचा कार्यक्रम लावला. मागे फुलांच्या टोपल्या, लाल फिती आणि नवीकोरी पाटी. पाटीवर एकच नाव, माय देकुन. खाली काळे हातमोजे घातलेले दोन हात कामाला लागलेले.

"मावशी, हे कधीचं गं?"

"आत्ताचं, थेट दाखवतोय तो," मी म्हटलं. खोटं कुठून सांगू?

तिने पाटीकडे पाहिलंच नाही. हातांकडे पाहत राहिली. "ही पेइयाओ. करंगळी वर उचलते. किती ओरडले होते मी तिला."

तिकडे गाडी अडली होती. चिप बदलली तरी तपासणी त्याच चिपेचं नाव घेत होती. पुन्हा बदलली, पुन्हा तेच. देकुनचे विनोद आटत चालले. आणि ही वेडी इकडे भात सोडून तळमळायला लागली. "अगं, चिप चांगली आहे. मधल्या मोठ्या चिपेचा कोपरा सुटलाय. दाबून बघ ना!" शेवटी तिने स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या नावाने, तिथे तेच लिहून पाठवलं.

देकुनने ते मोठ्याने वाचलं, नावासकट. मग हसला. "बघा मंडळी! चार व्हिडिओ पाहून लोक उस्तादाला शिकवायला येतात!"

हजारो लोक खिदळले. सूयिनचा पडदा बंद झाला, तिला बाहेर काढलं होतं. माझ्या फोनवर मात्र चालूच होतं. थोड्या वेळाने काळ्या हातमोज्यातला अंगठा मधल्या चिपेवर दाबला गेला आणि तपासणी स्वच्छ पार पडली. "माझा संशय पहिल्यापासून तिथेच होता," देकुन म्हणाला.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, चल, त्याच्या दारात उभी राहून बोंबलते मी! सूयिन जागची हलली नाही.

"त्याने माझं नाव वाचलं, मावशी. आधी वाचलं, मग हाकललं."

संध्याकाळी तो मेला वर आला. जणू काही झालंच नाही. "हात काय, कुणाचेही चालतात. लोक आवाजासाठी येतात. तू घरी आराम कर."

"पाटी?" तिने एवढंच विचारलं.

"दोन नावं लावली की गिऱ्हाईक गोंधळतं गं."

आता माझा अर्धा गाळा सूयिनचा आहे. हातमोजे नाहीत. घरी परत गेली नाही, रडलीही नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. गिऱ्हाईक येतं अधूनमधून. परवा एक जण पार लांबून, चेंगदूहून आला, कार्ड छातीशी धरून. तिने तपासणी लावली, बिघडलेली चिप शोधली, गरम हवा सुरू केली. तो डोळे विस्फारून बघत होता.

"अहो ताई, तुम्ही हुबेहूब माय उस्तादांसारखं करता! त्यांचेच व्हिडिओ पाहून शिकलात ना?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात सूयिनने गरम हवा बंद केली. कार्ड निवू दिलं, पिशवीत घातलं आणि त्याच्यापुढे सरकवलं.

"मग त्यांच्याकडेच न्या. खालच्या मजल्यावर."

तो बिचारा भांबावला. पिशवी उचलून माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "तिथे दुरुस्त होईल ना पण?"

"नाही," सूयिन म्हणाली आणि चिमटा पुसायला लागली.