आईवर लिहिलेली गोष्ट

लातूरला आम्ही राहायचो त्या इमारतीत चौदा खोल्या होत्या आणि जवळजवळ प्रत्येक खोलीत एक आई होती. मुलं मेडिकलच्या क्लासला, वडील आपापल्या गावी, आणि आया इथे कुकर लावायच्या. माझे वडील नांदेडला कापडाचं दुकान सांभाळत. आई सगळं घर मागे टाकून माझ्याबरोबर आली होती, आणि हे ती मला कधी ऐकवायची नाही. ऐकवलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

ती मला भरवायची. अठराव्या वर्षी. माझ्या हातात पेन असायचं, जेवणात वेळ कशाला घालवायचा, म्हणून ती शेजारी बसून भाकरी आमटीत कुस्करायची आणि घास तोंडापुढे धरायची. लाजायचं कारण नव्हतं, समोरच्या खोलीतला निलंग्याचा सहा फुटी मुलगाही तसाच जेवायचा. माझा फोन तिच्याकडे असे. धुवायला वेळ जातो म्हणून माझे केसही तिनेच खांद्यापर्यंत कापवले. मला टायफॉइड झाला तेव्हा हीच बाई तीन आठवडे माझ्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत बसली होती. तिच्यावाचून मी त्यातून उठले नसते, हे खरं आहे. पंचाईत तीच होती.

परीक्षेचा निकाल लागला आणि मार्क कमी पडले. मला रडू आलं नाही, वाईटही वाटलं नाही. दात काढल्यावर गाल बधिर होतो तसं सगळं अंग झालं होतं. वडील फोनवर म्हणाले, अजून एक वर्ष बघू. आईने क्लासचा फॉर्म आणून टेबलावर ठेवला. मला नांदेडला परत जायचं होतं. फक्त एवढंच सांगायचं होतं, आणि ते तोंडातून निघत नव्हतं.

त्या काळात मला पुढच्या काळातल्या भयाण शहरांच्या कादंबऱ्यांचं वेड होतं. मैत्रिणीकडून आणून मी त्या केमिस्ट्रीच्या पुस्तकात लपवून वाचायचे. सगळ्यांत सरकार क्रूर असे, भिंतींना डोळे असत, आणि मग कुणीतरी कुणाच्या प्रेमात पडलं की सुटकेची वाट दिसे. मला हसू यायचं. ते सरकार जरा बावळटच म्हणायचं. इतके पहारेकरी ठेवण्यापेक्षा प्रेमच कामाला लावलं असतं तर खर्च वाचला असता.

मग मीच एक गोष्ट लिहिली, बायोलॉजीच्या वहीच्या मागच्या पानांवर. तिच्यातल्या शहरात तुरुंग नाही. सरकार प्रत्येकाला एक माणूस नेमून देतं, जीव लावणारं. ते माणूस जखमा बांधतं, भरवतं, झोपवतं. दाराला कडी नसते, पण एक बाई उंबऱ्यापर्यंत जाते आणि परत फिरते, कारण बाहेर आपल्याला भूक लागली तर ती कशी भागवायची हे ती विसरलेली असते. शेवट मी लिहिला नाही.

आई रोज संध्याकाळी माझ्या वह्या चाळायची. अभ्यास कळत नसला तरी पानं भरली आहेत का, हे तिला कळायचं. त्या दिवशी मी वही मुद्दाम मागच्या बाजूने उघडी ठेवली. जे बोलता येत नाही ते ती वाचेल, मग फॉर्म आपोआप मागे पडेल, असा माझा हिशोब.

ती गॅसपाशी उभी राहून वाचत होती. दूध उतू गेलं तरी तिने गॅस बंद केला नाही. मग माझ्याजवळ येऊन बसली. विभूतीचं बोट ओढलेलं तिचं कपाळ घामाने ओलं झालं होतं.

"तुला कसं कळलं गं माय?" ती म्हणाली.

"काय?"

"ही बाई. ही मीच हाय की. लग्न झाल्यापासून दारापर्यंत जायलेय अन् माघारी यायलेय. मला वाटलं कुनालाच दिसंना."

आणि तिने मला जवळ घेतलं. भरवायला नाही, केस विंचरायला नाही, उगीचच. ती हमसून रडत होती, आणि इतकी हलकी झाली की मला तिच्या खांद्याचं वजनही लागेना. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. ती तू नाहीस, ती मी आहे, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी ते गिळलं. दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला.

त्या वर्षीही मार्क कमीच पडले. पुढे मी बी.फार्म. केलं आणि आता नांदेडला औषधांच्या दुकानात काम करते. ती पानं आईने वहीतून फाडून पासबुकाच्या पिशवीत ठेवली आहेत. पाहुणे आले की काढते, लेकीनं माझ्यावर लिवलंय म्हणून सांगते.

मागच्या आठवड्यात मी दुकानातून आले, फोनवर एक ऑर्डर बघत बसले होते. ती ताट घेऊन शेजारी बसली.

"एक इचारू? त्या गोष्टीत जीव लावनारं मानूस होतं, ते तुझे पप्पाच ना?"

मी फोन खाली ठेवला. माझं वय सव्वीस आहे, दोन्ही हात रिकामे होते.

"हाव," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि घास पुढे केला. मी तोंड उघडलं.